भाच्याला जॉकी व्हायचंय. हाडांचं काय?

वानवडीकर:
मंडळी, प्रश्न घरचा आहे, पण इथे डॉक्टर आहेत, रेसकोर्सची वारी करणारे आहेत आणि पालक तर सगळेच आहेत, म्हणून धागा काढतोय.

भाचा १५ वर्षांचा. अंगानं किरकोळ, वजन ४४ किलो. लहानपणापासून घोडेस्वारी शिकतोय आणि बैठक चांगली आहे असं शिकवणारेही म्हणतात. गेल्या सीझनला त्याला पुणे डर्बी ही मोठी शर्यत दाखवायला नेलं (मीच नेलं, ताई अजून ऐकवते). तेव्हापासून एकच धोशा, जॉकी व्हायचंय.

माझा तसा विरोध नाही. पण वाचायला बसलो आणि टरकलो. ए. पी. मॅकॉय म्हणून उत्तर आयर्लंडचा एक जॉकी. सलग २० वर्षं ब्रिटनचा चॅम्पियन, ४३०० च्या वर शर्यती जिंकून २०१५ साली निवृत्त. आणि मोडलेलं काय काय? दोन्ही कॉलरबोन (गळ्याखालची आडवी हाडं), खांद्याची पाती, फासळ्या, मनगट, घोटा, पाय, गालाची हाडं, मणके, शिवाय दात. २००८ च्या जानेवारीत मणके मोडले, आणि अतिथंड खोलीत उभं राहायचे उपचार घेऊन हा गडी मार्चमध्ये चेल्टनहॅमच्या मोठ्या शर्यतींना पुन्हा घोड्यावर.

ही माणसं परत का बसतात? आणि आपल्या पोराला यात घालावं का?

खोचक:
'धागा' आणि 'जॉकी' एवढंच दिसलं, बनियनचा विषय वाटला. चालू द्या.

रविवारचा_नाना:
वानवडीकर, आधी एक गोष्ट वेगळी काढा. मॅकॉय उड्यांच्या शर्यतीतला. तिकडे अडथळ्यावरून घोडे उड्या मारतात, तेव्हा पडणं रोजचंच. आपल्याकडे पुण्यात, मुंबईत, बंगलोरला सगळं फ्लॅट, सपाट मैदानावरचं. त्यामुळे जॉकी वरचेवर पडत नाही. पण पडला तर वेग ताशी ५५-६० किलोमीटर, मागून साडेचारशे-पाचशे किलोची सात-आठ जनावरं येत असतात, आणि त्यांना थांबा म्हणायला कुणी नसतं.

पडण्याची कारणंही लोकांना वाटतात तशी नसतात. घोडा बुजला वगैरे कमी. जास्त करून पुढच्या घोड्याच्या मागच्या टाचेला आपल्या घोड्याचा पुढचा पाय लागतो. तो कोलमडला की जॉकी त्याच्या मानेवरून पुढे. नाहीतर पळता पळता घोड्याचाच पाय मोडतो. खोगीर सरकतं. शर्यत सुटते त्या गेटमध्ये उभं असतानाच जनावर उधळतं आणि जॉकीचा गुडघा लोखंडावर चेपतो, हे तर टीव्हीवर दिसतही नाही.

मी लहानपणी वडिलांबरोबर यायचो तेव्हापासून बघतोय, रेसच्या मागोमाग ॲम्ब्युलन्स पळते. नव्या माणसाला दाखवा, त्याला ती कधीच दिसलेली नसते. सगळ्यांचं लक्ष आपल्या घोड्याच्या नंबरावर.

आणि आपल्याकडची मोठी माणसंही मॅकॉयइतकीच वाचण्यासारखी आहेत. पांडू खाडे, शामू चव्हाण, वसंत शिंदे ही सगळी मराठी नावं, आज कुणाला आठवत नाहीत. पेसी श्रॉफनी जॉकी म्हणून इंडियन डर्बी ८ वेळा जिंकली, १७०० च्या वर विजय, आणि २००४ ला खाली उतरून ट्रेनर झाले. म्हणजे धड राहून निवृत्त होता येतं. पण कार्ल उमरीगर? भावी चॅम्पियन म्हणत होते त्याला. १९७९ मध्ये मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सवर पडला आणि गेला. कोवळं वय हो.

मृण्मयी_के:
माणसांचं ठीक आहे, ती स्वतःहून जातात. घोड्याला कोण विचारतं? पाय मोडला की पडदे लावून तिथेच संपवतात. यावर वेगळा धागा हवा खरं तर.

रविवारचा_नाना:
मृण्मयीताई, काढा धागा, मी येतो. घोडा पडला की त्याची देखभाल करणारा सईस कसा रडतो ते मी पाहिलंय, त्यामुळे तुमच्याशी फार भांडणार नाही.

अस्थिपंजर:
हाडांचा डॉक्टर आहे, नावावरून कळलंच असेल. रेसकोर्सशी संबंध इतकाच की दवाखाना त्या बाजूला होता, तेव्हा पहाटेच्या सरावात घोडे पळवणारे रायडिंग बॉय आणि जॉकी यायचे.

कॉलरबोन सगळ्यात कॉमन. पडताना माणूस हात पुढे टेकवतो किंवा खांद्यावर आदळतो, जोर सरळ त्या हाडात जातो. म्हणून पडायचं कसं हे त्यांना शिकवतात. हात टेकायचा नाही, लगाम सोडायचा, हनुवटी छातीला, अंगाचं मुटकुळं करून गडगडायचं आणि मागचे सगळे घोडे जाईपर्यंत हलायचं नाही. उठून पळायला गेलात तर घोड्याला तुम्हाला चुकवता येत नाही. पडून राहिलेल्या माणसावरून तो बहुतेकदा उडी मारून जातो.

कॉलरबोन तरुण माणसात सहा-आठ आठवड्यांत जुळतं. त्याची मला काळजी नाही. काळजी दोन गोष्टींची. एक डोक्याला मार. बेशुद्ध पडला नाही म्हणजे मेंदूला काही झालं नाही, असं नसतं. पहिला मार बरा व्हायच्या आत दुसरा बसला तर फार महागात जातं. म्हणून आता डोक्याला लागलं की ठरावीक काळ बसवून ठेवायचे नियम आहेत. जॉकी ते कसे टाळायचे हेच शोधत असतात, हा भाग वेगळा.

दुसरी काळजी लोकांच्या डोक्यात येत नाही. जॉकीला कायम कमी ठेवावं लागतं ते वजन. आयर्लंड-ब्रिटनमध्ये जॉकींच्या हाडांची घनता मोजलेली आहे, त्यांच्या वयाच्या इतर पोरांपेक्षा ती कमी निघते. कारण उघड आहे. वाढीच्या वयात हाडं भरायच्या वेळेला तुम्ही उपाशी. दूध नाही, जेवण नाही, अंगातलं पाणीही काढून टाकलेलं. मग तीच हाडं घेऊन साठच्या वेगानं पडायचं. घोडा पाडतो खरा, पण हाड आधीच वजनकाट्यावर अर्धं मोडलेलं असतं.

वानवडीकर, भाच्याच्या वडिलांची उंची किती?

वानवडीकर:
५ फूट १० इंच. का?

खोचक:
कळलं. भाच्याच्या बुटाचा नंबर सांगा आता.

रविवारचा_नाना:
खोचकराव विनोद करतायत, पण ट्रेनर लोक पोराचे पाय खरंच बघतात हो. वय १५, वजन ४४ आणि बूट नऊ नंबरचा, तर ते मनात बेरीज करून मोकळे, हा उंच होणार.

डॉक्टरांचं सगळं मान्य, फक्त 'अर्धं मोडलेलं' जास्त झालं. मी चांगले दणकट जॉकी बघितलेत. एखाद्या दिवशी नशीब खोटं असतं, बस.

अस्थिपंजर:
नाना, नशिबाचा एक्स-रे निघत नाही. निघतो तो मनगटाचा. वानवडीकर, हे काम आधी करा. डाव्या मनगटाच्या साध्या एक्स-रेत वाढीच्या पट्ट्या किती उघड्या आहेत ते दिसतं, त्यावरून अजून किती उंची शिल्लक आहे याचा अंदाज येतो. तो बघा आणि मग स्वप्नं बघा. आताचे ४४ किलो फसवे आहेत. हा मुलगा बापावर गेला तर विसाव्या वर्षी ६५-७० किलोचा होईल, आणि घोड्यावर चढायचं असेल पन्नाशीच्या आसपास, तेसुद्धा खोगिरासकट.

पर्वती_पायथा:
खोगिरासकट म्हणजे? अडाणी प्रश्न आहे, हसू नका.

रविवारचा_नाना:
हसतोय कशाला. रेस हँडिकॅपची असली की चांगल्या घोड्याला जास्त वजन, कमअस्सल घोड्याला कमी, म्हणजे सामना बरोबरीचा होईल. समजा घोड्याला ५४ किलो नेमून दिलंय. जॉकी खोगीर हातात घेऊन काट्यावर जातो, दोन्ही मिळून ५४ भरायला पाहिजे. कमी भरलं तर खोगिराच्या कप्प्यात शिशाच्या पट्ट्या घालतात. जास्त भरलं तर मात्र जॉकीच्या अंगातूनच काढायचं. आणि रेस झाल्यावर पुन्हा काटा. शिकाऊ जॉकीला सुरुवातीला काही किलोंची सूट असते, म्हणजे घोड्यावरचं ओझं तेवढं कमी, म्हणून ट्रेनर त्याला बसवतो. जिंकत गेला की सूट कमी होत जाते. बरेच जण तिथेच संपतात. सूट संपते आणि नेमकी उंची वाढलेली असते.

अन उंचीची गोष्ट निघालीच आहे तर, मॅकॉयसुद्धा ५ फूट १० इंच. जन्मभर कढत पाण्याच्या टबात बसून वजन उतरवत राहिला. उड्यांच्या शर्यतीत वजनं जरा जास्त असतात म्हणून निभावलं, फ्लॅटवर त्याला कुणी उभं केलं नसतं. लेस्टर पिगट ५ फूट ८ इंच, म्हणून त्याला 'लाँग फेलो' म्हणायचे, त्यानं एप्समची डर्बी ९ वेळा मारली, पण अर्धपोटी राहून.

इतिहासाचा_किडा:
नाना, मग फ्रेड आर्चर राहिला की. व्हिक्टोरिया राणीच्या काळातला. सलग १३ वेळा चॅम्पियन, ५ डर्बी, आणि तोही ५ फूट १० इंच. एका रेससाठी वजन उतरवायला उपास आणि जुलाबाची औषधं, त्यात ताप, त्यात बायको आधीच बाळंतपणात गेलेली. १८८६ मध्ये तापाच्या भरात स्वतःवर गोळी झाडून घेतली. वय २९. म्हणजे डॉक्टर म्हणतात ते काही आजचं नाही.

सत्यवचनी:
सगळे एवढं कौतुकानं लिहिताय, पण हा मुळात जुगार आहे हे कुणी बोलेल का? संसार उद्ध्वस्त झालेले बघितलेत मी. चांगल्या घरातल्या मुलाला या धंद्यात?

पर्वती_पायथा:
सुप्रीम कोर्टानं १९९६ मध्ये घोड्यांची शर्यत हा कौशल्याचा खेळ आहे असा निकाल दिलाय. कायद्यानं जुगार नाही.

सत्यवचनी:
कोर्टाचा निकाल दाखवून बायकोचं मंगळसूत्र परत मिळत नाही.

रविवारचा_नाना:
२०२३ च्या ऑक्टोबरपासून लावलेल्या पूर्ण पैशावर २८ टक्के जीएसटी बसला (२०२५ मध्ये तो ४० टक्के झाला). तेव्हापासून बरेच पंटर, म्हणजे पैसे लावणारे, रेसकोर्सची खिडकी सोडून बाहेरच्या बुकीकडे गेले, ते पुण्यवान झाले नाहीत. पण हा जॉकीचा धागा आहे सत्यवचनीसाहेब. जॉकीला पैसे लावायची बंदी असते. त्याला मिळतो तो चढण्याचा मोबदला आणि जिंकला तर बक्षिसातला हिस्सा. शिव्या मात्र पंटरच्या. फेव्हरिट हरला की 'घोडा ओढला', म्हणजे मुद्दाम मागे ठेवला, असं ओरडतात, त्या पोरानं सकाळपासून पाण्याचा थेंब घेतलेला नसतो.

सुमन_घोरपडी:
मी फारसं लिहीत नाही इथे, पण वाचून राहवलं नाही. माझा धाकटा भाऊ जॉकी होता. नाव सांगत नाही, सांगून कुणाला आठवणारही नाही, चॅम्पियन वगैरे नव्हता.

रेसच्या आदल्या रात्री आमच्या घरी पोहे, फोडणी, काहीही व्हायचं नाही. त्याला वास सहन होत नसे. आई सगळ्यांना दहीभात वाढायची, तोही आतल्या खोलीत. तो न्हाणीघरात दार बंद करून बसायचा. अंगात प्लास्टिकचा सूट, त्यावर स्वेटर, समोर उकळत्या पाण्याची बादली. तासाभरानं बाहेर यायचा तेव्हा ओठ पांढरेफटक, हाताच्या बोटांना सुरकुत्या. मग बर्फाचा एक खडा तोंडात. तेवढंच जेवण. भाकरीचा तुकडा चावून चावून चव घ्यायचा आणि थुंकून टाकायचा, ते बघून आई उठून जायची.

तो रेसमध्ये कधी पडला नाही. पडला पहाटेच्या सरावात, कुणी बघत नसताना. पावसाची भुरभुर होती, घोडा तीन वर्षांचा, पोटाचा पट्टा सैल झाला आणि खोगिरासकट एका बाजूला फिरला. कॉलरबोन. इथल्याच एका दवाखान्यात प्लेट आणि स्क्रू घातले. डॉक्टर म्हणाले दोन महिने. पुण्याचा सीझन असतो केवढा? पावसाळ्यात सुरू, दिवाळीच्या आसपास संपला. दोन महिने घरी बसलं तर ट्रेनर दुसऱ्या पोराला बसवतो आणि मग तो दुसराच बसतो. हा महिन्याभरात पट्टी काढून गेला. खांद्याजवळ स्क्रूचं डोकं कातडीखाली टोचून वर आलं होतं, बोटाला लागायचं. सांगितलं नाही कुणाला.

वानवडीकर, तुम्ही विचारलंत परत का बसतात. आमच्याकडे तरी शौर्य नव्हतं. जागा जाईल ही भीती होती.

आता तो स्टेबलमध्येच काम करतो, तरुण घोडे तयार करतो. दोन वेळा पोटभर जेवतो. खूश आहे.

मृण्मयी_के:
सुमनताई, वाचून गलबललं. भाकरीचं तर फारच.

खोचक:
आज विनोद नाही.

इतिहासाचा_किडा:
सुमनताईंच्या शेवटच्या मुद्द्यावरून आठवलं. ब्रिटनमध्ये १९६४ मध्ये जखमी जॉकींसाठी फंड सुरू झाला, तो टिम ब्रुकशॉ आणि पॅडी फॅरेल हे दोघं पडून पांगळे झाल्यावर. त्याच्या आधी तिकडेही रामभरोसेच होतं. आता त्यांची स्वतःची पुनर्वसन केंद्रं आहेत, फिजिओ, व्यायामशाळा सगळं. जागा टिकणार असेल तर माणूस पट्टी लवकर काढत नाही.

नाहीतर अमेरिकेतला रॉन टर्कॉट बघा. सेक्रेटेरिएट घोड्यावर १९७३ ची बेलमाँट शर्यत ३१ लेंग्थनी (एकतीस घोड्यांच्या लांबीनं) जिंकली, पाच वर्षांत त्याच मैदानावर एका साध्या रेसमध्ये पडला आणि जन्मभर चाकाच्या खुर्चीत. तोवर ३,००० च्या वर शर्यती जिंकून झाल्या होत्या. अनुभवानं काही वाचलं नाही.

तिरपी_मांजर:
फक्त पुरुषांचीच नावं चाललीत. मिशेल पेन! ऑस्ट्रेलियाची, दहा भावंडांत धाकटी. २००४ मध्ये डोक्यावर पडली, कवटी फुटली, घरचे म्हणाले बास. तिनं ऐकलं नाही आणि २०१५ मध्ये १०० ला १ असा भाव लागलेल्या, म्हणजे कुणालाच आशा नसलेल्या घोड्यावर मेलबर्न कप जिंकला, जिंकणारी पहिली बाई जॉकी. त्या घोड्याची देखभाल करणारा तिचा भाऊ स्टीव्ही, त्याला डाऊन सिंड्रोम आहे आणि तो घोड्यांचंच काम करतो. पुढच्याच वर्षी पुन्हा पडली, स्वादुपिंड फाटलं. तीही परत बसली. आपल्याकडे चेन्नईच्या रूपा सिंगनी व्यावसायिक जॉकी म्हणून नाव काढलंय. तेव्हा सगळंच 'जागा जाईल' म्हणून नसतं, काहींना खरंच दुसरं काही नकोच असतं.

सुमन_घोरपडी:
असेल की. भावालाही घोडा सोडवला नाहीच. उपास सोडवला.

अस्थिपंजर:
हे वाक्य मी दवाखान्यात लावणार आहे.

वानवडीकर:
सगळ्यांचे आभार. अपडेट असा: बुटाचा नंबर ८, आणि गेल्या वर्षी ६ होता. खोचकराव, तुमचा विनोद आमच्या घरी काल रात्री एक तास चालला. ताई एकदम शांत झाली, भावोजी एकदम आनंदी. भाचा रुसलाय. एक्स-रे शनिवारी.

पण तो म्हणतो, जॉकी नाही तर नाही, मला तिथेच जायचंय. तर आता प्रश्न असा की दहावी झाल्यावर सुट्टीत त्याला कुठल्या ट्रेनरकडे पाठवता येईल का? घोड्यावर बसायला नाही, नुसतं काम बघायला.

रविवारचा_नाना:
येईल. ओळखीनं विचारावं लागेल, मी बघतो. पण आधी घरच्यांना सांगा, तिथे सगळ्यात आधी हातात लगाम नाही देत. खरारा, लीद, पायांना पट्ट्या, चारा, खूर साफ करणं. रंगीत सिल्क (जॉकीचा पोशाख) घातलेले फक्त रविवारी दिसतात.

पर्वती_पायथा:
आणि विमा विचारा. लेखी. सरावात पडला तर कोण बघणार, हे पहिल्या दिवशी विचारलं तर कुणी रागावत नाही, पडल्यावर विचारलं की रागावतात.

सुमन_घोरपडी:
भावाशी बोलले, तो म्हणतो पाठवा. फक्त सोडायला गाडी नको. पहाटे चारला स्वतः उठून सायकलवर एम्प्रेस गार्डनच्या बाजूनं येऊ दे. महिनाभर टिकला तर पुढचं बोलू.

वानवडीकर:
पावसातही?

सुमन_घोरपडी:
पुण्याचा सीझन आहे दादा, पावसातच.